सर्दी नसताना सर्दीची गोळी

"आज गुणवंता चौधरी गाडीच्या खाली उतरत नाई. मंगली वाघिणीनं समोर येऊन हात जोडले तरी नाई," गुणवंतरावांनी जाहीर केलं.

"मंगली कायले हात जोडन भाऊ," जिप्सीची काच पुसता पुसता ड्रायव्हर प्रफुल म्हणाला. "तिले तं तुमी खाली उतरलेलेच पाह्यजेत."

जंगलाच्या सावरबोडी गेटवर अजून उजाडायचं होतं. जानेवारीची थंडी अशी, की चहाच्या टपरीवर लोक चहा पिण्यापेक्षा ग्लास धरायलाच पैसे देत होते. गुणवंतरावांच्या हातात मात्र ग्लास नव्हता. चहा त्यांनी काल दुपारी सोडला, पाणी काल संध्याकाळी, आणि रात्रीच्या वरणात पाणी असते म्हणून वरणही सोडलं. कोरडा भात गिळताना ठसका लागला, तेव्हा बायको कमळाबाईनं पाण्याचा गडवा पुढं केला. तो त्यांनी असा मागं सारला, जसा गडव्यात साप होता.

गुणवंतराव म्हणजे या गेटचे सगळ्यात जुने गाइड. चौसष्ट वय. डोळे अजून असे, की बांबूच्या दाट रांजीत बसलेल्या वाघाचा कान दिसते. कानही ठीक. पण वर्षभरापासून खालचं खातं बिघडलं होतं. लागली की लागली, थांबायचं नाव नाही. आणि जाऊन उभं राहिलं की येत नाही. थेंब थेंब येते, बंद होते, बटनं लावली की पुन्हा लागते.

जंगलात गाडीतून खाली उतरायला बंदी. मग गुणवंतरावांनी युक्ती काढली. मोठं झाड दिसलं की गाडी थांबवायची, "साहेब, वाघाचे पगमार्क पाहून येतो" म्हणायचं आणि झाडामागं जायचं. परत आल्यावर काही तरी सांगणं भागच होतं. "मादी आहे. संग दोन बच्चे. आत्ताच गेली." पर्यटक खुश. सरकारी मोजणीत जेवढे वाघ नव्हते, तेवढे गुणवंतरावांच्या लघवीतून निघाले होते.

हे गाइड समितीचा सचिव प्रवीण यानं पकडलं. प्रवीणही गाइडच, पण वयानं निम्मा, आणि नियम त्याला पाठ. त्यानं मागच्या गाडीतून पाहिलं, की भाऊ पगमार्क पाहतात ते आभाळाकडं तोंड करून. दोन ताकिदी झाल्या. तिसऱ्या वेळी खाली पाय टेकला की गाइडचं कार्ड जमा. कार्ड गेलं की गाइड संपला, आणि म्हाताऱ्यानं माजरीला खाणीच्या क्वार्टरमध्ये पोराकडं जाऊन राहायचं, जिथं सकाळी उठल्यावर बनेनवर कोळसा असते. गुणवंतरावांना माजरीचं स्वप्न पडलं की ते घामानं भिजून उठत. उठल्यावर आठवे की लागलीबी आहे.

"पण आज नाई उतरणार कसे?" प्रफुलनं हळूच विचारलं. "चार तासाची सफारी हाय भाऊ. तुमी तं चार फर्लांग नाई काढत."

गुणवंतरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "बायनाबाईच्या दुकानातून आणली. सर्दीची."

"तुमाले सर्दी झाली?"

"सर्दी कायची बे! डोस्कं चालव. ही गोळी खाल्ली की नाकाचं पाणी बंद होते का नाई?"

"होते."

"मंग खालचं काऊन नाई होणार? पाणी तं एकाच माणसाचं हाय!"

प्रफुल विचारात पडला. यात चूक कुठं आहे ते त्याला सापडेना.

"एक रात्री घेतली, एक आता उठल्यावर. आन आता गेटच्या संडासात जाऊन आलो. दोन थेंब. फकस्त दोन! गोळी लागली म्हणजे." असं म्हणून गुणवंतरावांनी आनंदाच्या भरात तिसरी गोळी तोंडात टाकली आणि पाण्याशिवाय गिळली.

तेवढ्यात पर्यटक आले. नागपूरचे तिघं. एक उंच, टोपी-मफलरवाले म्हातारे साहेब, एक त्यांची बायको आणि एक तिशी-पस्तिशीची बाई. गाडी गेटातून आत गेली, रस्त्याला लागली, तेव्हा गुणवंतरावांनी नेहमीसारखी ओळख काढली.

"साहेब काय करता आपण?"

"डॉक्टर आहो. डॉक्टर श्रावण मेश्राम. रिटायर झालो. ही माझी मिसेस, अंजना. आणि ही डॉक्टर रश्मी, माझी विद्यार्थिनी. आता माझ्यापेक्षा हुशार."

"कायचे डॉक्टर साहेब?"

"लघवीचे," मेश्राम सर म्हणाले. "वय झाल्यावर लघवीचं काय होते, यावर मी जन्म घातला. आता ही घालून राह्यली."

गुणवंतराव सीटवर ताठ झाले. प्रफुलनं कोपरानं ढोसलं. "भाऊ, देवानंच पाठवले. सांगून टाका."

"चूप बस," गुणवंतराव ओठ न हलवता म्हणाले. "यायच्या तोंडून प्रवीणले समजलं, की डॉक्टरनं अनफिट म्हटलं, मंग? गाडी पाहून चालव."

मागं रश्मी बाई सांगत होत्या, "सर, मी गावोगाव फिरून राह्यली. आरमोरीकडं झालं, आता इकडची गावं घेतली. साठीच्या वरच्या लोकांना विचारलं, रात्री किती वेळा उठता, त्रास होते का. सगळे म्हणे, कायचा त्रास! एकालाही त्रास नाही. मी म्हटलं, हा जिल्हा तर चमत्कारच आहे. मग एका म्हातारीनं शिकवलं, असं नको विचारू. मग मी विचारायला लागली, रात्री तुमच्यावर कुत्रं किती वेळा भुंकते? तेव्हा खरं निघालं. कोणी चार सांगे, कोणी सहा. एक आजोबा म्हणाले, आता कुत्रंच झोपत नाही."

मेश्राम सर हसले. "वय झालं की प्रोस्टेट वाढते. ती गाठ नळीभोवती असते, नळी दाबल्या जाते. मूत्राशय जोर लावून लावून जाड होते, चिडकं होते. रात्री शरीर पाणीही जास्त सोडते. आणि लोक काय करतात? पाणी पिणं बंद. मग लघवी कडक होते, जळजळते, इन्फेक्शन होते. म्हणजे दुखणं कमी आणि उपायाचाच त्रास जास्त."

"आणि बायांचं?" अंजनाबाई म्हणाल्या.

"बायांचंही आहे. स्नायू ढिले पडतात, आतली कातडी पातळ होते..."

"हे तीस वर्षं जगाले सांगून राह्यले," अंजनाबाई गुणवंतरावांच्या पाठीला म्हणाल्या. "घरात कोणी विचारलं नाई. मी शिंकली की साडी बदलावी लागे. शेवटी रश्मीनं पॅड आणून दिले. मी तं घालूनच आली. आता म्हणा का चार तास फिरवा, का चाळीस."

गुणवंतराव हे सगळं ऐकत समोरच्या सागांकडं पाहत होते. लागली होती. पण गोळीवर त्यांचा भरोसा होता. लागली तरी येणार नाही, असं त्यांनी मनाला सांगितलं. ते शंभर टक्के खरं निघणार होतं.

दोन तास झाले तेव्हा पोटाच्या खाली दगड बसल्यासारखं झालं. मेश्राम सरही सीटवर चुळबुळ करत होते. थंडीत त्यांनी थर्मासातला चहा संपवला होता.

"सर, परतायचं का?" रश्मी बाईंनी विचारलं.

"कायले? मूत्राशय म्हणजे स्नायू. स्नायूले मालक कोण ते दाखवावं लागते. लागली की लक्ष दुसरीकडं न्यायचं. शंभरातून सात सात वजा करायचे. मी आजही सहज सहा तास..."

तेवढ्यात चितळाचा धोक्याचा कॉल झाला. मग वानराचा. प्रफुलनं गाडी वळणावर घातली आणि कचकन थांबवली. रस्त्याच्या मधोमध मंगली झोपली होती.

मंगली म्हणजे या बाजूची वाघीण. एरवी तिच्यासाठी लोक तीन-तीन दिवस फिरतात. आज ती रस्त्यावर अशी आडवी होती, जसा रस्ता तिच्या माहेरून आला होता. एका बाजूला नाल्याचा कडा, दुसरीकडं दाट बांबू. पुढं जाता येत नव्हतं. मागं पाहावं तर एकामागं एक जिप्स्या येऊन लागल्या. सगळ्यात जवळच्या जिप्सीत प्रवीण. त्यानं दुर्बीण काढली. मंगलीकडं एकदा पाहिलं आणि मग गुणवंतरावांवर लावून ठेवली.

"त्र्याण्णव," मेश्राम सर म्हणाले.

अंजनाबाईंनी शाल आवळून घेतली.

"शहाऐंशी."

मंगलीनं जांभई दिली. मग उठली.  ती आरामात रस्त्याच्या कडेच्या ऐनाच्या झाडाजवळ गेली, पाठ फिरवली, शेपटी वर केली आणि झाडावर एक लांब, सरळ, भरपूर पिचकारी मारली. मागच्या गाड्यांतले कॅमेरे खटखट वाजले. गुणवंतराव आणि मेश्राम सर दोघंही त्या झाडाकडं असे पाहत होते, जसं लहान पोर मिठाईच्या दुकानाकडं पाहते.

"हद्द आखते ती," प्रफुलनं माहिती दिली.

"प्रोस्टेट नाही ना तिले," सर बारीक आवाजात म्हणाले. "एकोणऐंशी."

मंगली परत आली आणि पुन्हा रस्त्यात झोपली.

बहात्तरला सरांचा धीर सुटला. "अंजना, बाटली दे."

बाटली पाण्यानं भरलेली होती. सर ती बाहेर ओतणार, तोच प्रफुलनं हात धरला. "नाई साहेब! गाडीतून काहीच बाहेर टाकता नाई येत. प्रवीण पाहून राह्यला. भाऊचं कार्ड जाईन."

"मग पाणी कोण पिईन?" सरांचा आवाज रडवेला झाला होता. "मी पिऊ?"

"द्या इकडं," अंजनाबाई म्हणाल्या आणि एक लिटर पाणी, मधे दोनदा श्वास घेऊन, शांतपणे पिऊन गेल्या. मग शाल दोन्ही हातांनी पसरून धरली आणि मंगलीकडं पाहत बसल्या. शालीमागं सरांचा जन्मभराचा अभ्यास बाटलीत जात होता. मागच्या गाडीतल्या एका बाईनं विचारलं, शालीमागं पक्षी आहे का.

शाल खाली आली तेव्हा सरांच्या चेहऱ्यावर तेज होतं. आणि त्याच वेळी त्यांचं लक्ष गाइडकडं गेलं. गुणवंतराव समोरच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून पुढं वाकले होते. एवढ्या थंडीत कपाळावरून घाम गळत होता.

"गुणवंतभाऊ, काय झालं?"

"काई नाई साहेब."

"लागली का?"

"नाई साहेब."

"यायले वर्षापासून लागून हाय साहेब!" प्रफुलनं एका श्वासात सांगून टाकलं. "झाडामागं जाते. आज उतरले तं कार्ड जमा."

गुणवंतरावांनी प्रफुलकडं असं पाहिलं, की मंगली बरी. पण आता लाजायलाही पोटात जागा उरली नव्हती. रश्मी बाईंनी आपली बाटली काढली. अर्धं पाणी त्या प्याल्या, अर्धं प्रफुल प्याला. अंजनाबाईंनी पुन्हा शाल धरली. "करा भाऊ, बिनधास करा. आमी तुमच्याकडं पाहत नाई, तिच्याकडं पाहतो."

शालीमागं बराच वेळ गेला. कोणताच आवाज आला नाही.

"झालं?"

"नाई."

"घाई करू नका भाऊ."

"येतच नाई!" गुणवंतरावांचा आवाज फाटला. "पोट फुटून राह्यलं आन येतच नाई! माय वं!"

रश्मी बाई सीटवरून पुढं सरकल्या. त्यांनी शर्टावरूनच गुणवंतरावांच्या पोटावर हात ठेवला. बेंबीखाली नारळ ठेवावा तसं घट्ट लागत होतं. त्यांनी लगेच विचारलं, "भाऊ, आज काही गोळी-बिळी घेतली का?"

"सर्दीची."

"सर्दी झाली?"

"नाई."

"मग कायले घेतली?"

गुणवंतरावांनी नाक आणि खालचं यांचं नातं थोडक्यात समजावून सांगितलं. रश्मी बाईंनी डोळे मिटले. "किती?"

"तीन."

"भाऊ, ती गोळी पाणी सुकवत नाही. तिनं मूत्राशयाचं दारच आवळल्या जाते. आधीच गाठ, वरून कुलूप. आतमधे भरतच चाललं आहे. आता नळी टाकल्याशिवाय निघणार नाही. प्रफुलभाऊ, गाडी मागं घ्या. आत्ता."

प्रफुल उभा राहून मागच्यांना हातवारे करू लागला. "मागं घ्या! मागं घ्या! माणूस मरून राह्यला इथी!"

मागच्या सगळ्या गाड्यांतून एकच आवाज आला. "शूऽऽऽ!"

लहान पोराला नळाखाली उभं करून आई जसा आवाज काढते, तसा हा आवाज सहा जिप्स्यांतून एकदम निघाला आणि थांबेचना. गुणवंतरावांच्या सगळ्या शरीराला तो आवाज समजला. फक्त एका ठिकाणी समजला नाही. त्यांनी दांड्यावर डोकं आपटलं.

"गाडी हलवली तं लिहून देईन!" प्रवीण मागून दबक्या आवाजात बोलला. "पार्टीले फोटो भेटून राह्यले!"

"प्रवीण, अबे भाऊले लघवी अडकली!"

"मंग काय नवीन? उतरा म्हणा. मी पाहतोच."

गुणवंतराव वळले. डोळ्यांत पाणी होतं, तेवढं एक पाणी निघत होतं. "प्रफुल, मी उतरून चालत जातो. मंगलीनं खाल्लं तं कार्ड जाईन का रे?"

"खाल्ल्यावर कार्ड लागत नाई भाऊ."

"मंग जाऊ दे मले."

"बसा!" अंजनाबाईंनी त्यांची कॉलर मागून धरली. "वर्षभर झाडामागं उभं राहून नाई मेले, आता रस्त्यात मरता?"

तेवढ्यात पोटात कळ आली. ती आधीच्या सगळ्या कळांची आई होती. गुणवंतरावांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या पोटातून जो आवाज निघाला, तो त्या जंगलात कोणी ऐकला नव्हता. झाडावरच्या वानरांनी गुणवंतरावांवर धोक्याचा कॉल दिला. नाल्यात मोर उडाले. मंगली चारही पायांवर उभी राहिली, या म्हाताऱ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि अपमान झाल्यासारखी बांबूत निघून गेली.

रस्ता मोकळा झाला.

पुढचा रस्ता खड्ड्यांचा होता आणि प्रत्येक खड्डा गुणवंतरावांना नावानं ओळखत होता. प्रफुल हळू चालवी तेव्हा ते ओरडत, "जोरात चालव ना बे!" आणि जोरात चालवली की "हळू बे, मायच्यान मरतो!" गावच्या आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत त्यांनी सगळ्या देवांना आणि एका डॉक्टरला शब्द दिला होता, की पुन्हा सर्दीची गोळी खाणार नाही, सर्दी झाली तरी.

आरोग्य केंद्रातले डॉक्टर मीटिंगला गेले होते. नर्स रंजीता होती. तिनं नळी काढून दिली, रश्मी बाईंनी हातमोजे घातले. गुणवंतरावांनी टॉवेल तोंडावर घेतला, दात आवळले, आणि मग हळूहळू त्यांचे पाय ढिले पडले. पिशवी भरू लागली. मेश्राम सर पलंगाशी उभे राहून ती पाहत होते. "भरते! पाहा, भरते! थांबतच नाही! लिटरच्या वर गेली!" सूर्य उगवताना माणसाच्या तोंडावर जो उजेड पडते, तो त्यांच्या तोंडावर पडला होता.

टॉवेलाखालून रडण्याचा आवाज आला.

"अजून दुखून राह्यलं का भाऊ?" रश्मी बाईंनी विचारलं.

"नाई. कार्डाचं काय होईन?"

"आधी हे सांगा, रात्री तुमच्यावर कुत्रं किती वेळा भुंकते?"

"आता भुंकत नाई," गुणवंतराव म्हणाले. "ओळखते."

रश्मी बाईंनी गोळ्या लिहून दिल्या, या वेळी बरोबरच्या. नळी आठवडाभर ठेवायची. पाणी भरपूर प्यायचं. तपासण्या करायच्या. गाठ साधी असली तर गोळ्यांवर भागते, नाही भागलं तर ऑपरेशन. यात मरण्यासारखं काही नाही; वर्षभरापूर्वी आले असते तर नळीही लागली नसती. गुणवंतराव सगळ्याला मान हलवत होते. त्यांना पाणी भरपूर प्यायचं, एवढंच ऐकू गेलं. त्यांनी रंजीताजवळ पाणी मागितलं आणि तांब्या रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी गेटवरच्या शेडमध्ये समिती बसली. प्रवीणनं तक्रार वाचली. वाघीण उठवली, पर्यटकांचा विरस केला, जंगलात बोंब मारली.

"पण उतरले का?" मेश्राम सर म्हणाले. नागपूरला परतायचं सोडून ते खास थांबले होते. "नियमात उतरणं लिहिलं आहे. बोंब लिहिली आहे का?"

नियम तपासले. बोंब नव्हती. समितीतले दोन म्हातारे गाइड एकदम म्हणाले, की गुणवंतावर अन्याय नको. त्या दोघांचाही आवाज जरा जास्तच जोरात होता, आणि मग ते दोघंही पाठोपाठ शेडमागं जाऊन आले.

शेवटी ठरलं, की सोमवारी गुणवंतरावांचा नंबर आहे. त्यांनी ड्युटीवर यायचं. प्रवीण स्वतः त्या गाडीत बसून पाहील. चार तास नीट निघाले तर कार्ड राहील. आले नाही किंवा मधे काही झालं तर कार्ड जमा.

"सोमवारी यांना नळी असेल," रश्मी बाई म्हणाल्या. "ते आराम करतील."

"म्हणजे आले नाई," प्रवीण म्हणाला आणि पेनाचं टोपण लावलं.

गुणवंतराव शेडबाहेर रश्मी बाईंच्या मागं मागं गेले. हातात पिशवी होती, तिच्यावर कमळाबाईचा रुमाल टाकला होता. "मॅडम, तुमी सोमवारपुरती नळी काढा. पाया पडतो तुमच्या."

"काढली तर पुन्हा अडकेल भाऊ. समजून घ्या ना. हे कार्ड गेलं तर दुसरं काही होईल. किडनी गेली तर काय कराल?"

"किडनी दोन हाय मॅडम. कार्ड एकच हाय."

पिशवी भरली की खालची तोटी उघडून रिकामी करायची, एवढंच रश्मी बाईंनी पुन्हा बजावलं. घरी कमळाबाईनं विषय काढला.

"अजी, सोडा ना आता. माजरीले चाला. पियुष रोज फोन करते. नातू हाय, सून हाय, संडास घरातच हाय."

"माजरीत वाघ नाई."

"हाय! पियुष सांगत होता, खदानीकडं फिरते म्हणे."

"त्या वाघाले गाइड लागत नाई वं."

कमळाबाईनं बाहेर पाहिलं. नवरा ओसरीत पाठ करून बसला होता आणि भिंतीवर अडकवलेलं कार्ड शर्टाच्या बाहीनं पुसत होता. त्यावरचा फोटो वीस वर्षं जुना. फोटोतल्या माणसाला काहीच लागलेलं नव्हतं. मग तिनं त्यांची जुनी फुलपँट काढली, खाकी कापडाचा तुकडा घेतला आणि डाव्या पायाला आतून एक लांब खिसा शिवला. खिशात पिशवी बरोबर बसली. गुणवंतराव उठून अंगणात चालले, वळले, बसले, उठले. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

"कमळे!" ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढं एकदम जंगल उघडलं. "अवं, आता मले लागतच नाई! लागायचा सवालच नाई! चार तास काय, पावसाळाभर बसतो!"

"पिशवी रिकामी करत जा पण, मॅडमनं सांगितलं."

"हाव, हाव."

सोमवारी सकाळी गुणवंतरावांनी गेटवर दोन ग्लास चहा घेतला. सफारीच्या आधी चहा, वर्षभरानंतर पहिल्यांदाच. टपरीवाल्यानं विचारलं, भाऊ, आज काय विशेष? त्यांनी तिसरा मागितला. पर्यटक म्हणून पुण्याकडचं एक जोडपं होतं. प्रवीण मागच्या सीटवर, बरोबर गुणवंतरावांच्या पाठीमागं बसला. थंडी होती म्हणून त्यानं बूट काढून पुढच्या सीटखाली सरकवले आणि पाय ब्लँकेटात घेतले.

तीन तास गुणवंतरावांनी अशी सफारी केली, की प्रफुललाही विसर पडला. सांबर दाखवलं, गवा दाखवला, घुबड दाखवलं. झाडाजवळ गाडी थांबली की ते झाडाचं नाव सांगत आणि पुढं चला म्हणत. एका जागी खरोखरचे पगमार्क दिसले. तेही त्यांनी गाडीत बसूनच दाखवले. मधेमधे बाटलीतून पाणी पीत होते, मोठे मोठे घोट घेऊन. प्रवीणकडं लिहायला काही नव्हतं. एकदा तर त्यानं स्वतःच विचारलं, "भाऊ, बरं हाय ना?" गुणवंतराव मागं न पाहता म्हणाले, "मले काय धाड भरली?"

परतीच्या नाल्यावर, उतारात, जिप्सीचं मागचं चाक दगडावरून घसरून आदळलं. सकाळपासून रिकामी न केलेल्या, तट्ट भरलेल्या पिशवीच्या खालची तोटी उघडली आणि आतलं सगळं पँटच्या पायातून सीटखालच्या प्रवीणच्या दोन्ही बुटांत गेलं. कार्ड दुपारी जमा करून घेण्यात आलं.